दामिनीकडचं कोमट पाणी

लहानूनं ताट जरासं फिरवलं. ठेचा होता ती बाजू लांब गेली आणि वरणाची वाटी जवळ आली. गोपिका चुलीपुढं भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही, पण फिरलेलं ताट तिला बरोबर दिसलं.

"काहून? ठेचा खारट झाला?"

"नाई."

"मंग?"

"पोटात आग हाय थोडी."

मिरचीच्या भिवापूरच्या माणसानं असं म्हणावं म्हणजे मासळीनं पाणी लय वलं हाय म्हणावं तसं झालं. आणि लहानू तर ठेच्यावरच भाळलेला माणूस. गोपिकाला पाहायला आला तेव्हा तिनं पोह्यांसोबत मुद्दाम ठेचा ठेवला होता, पाहू तरी किती दमाचा आहे म्हणून. त्यानं तो बोटानं निपटून खाल्ला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि बापाला म्हणाला, पोरगी पसंत हाय. सासरी आल्यावर तिच्या हाताचं दहा घरी नाव झालं, पण तिला गोड वाटायचं ते एकच, जेवताना त्याच्या टाळूवर फुटणारा घाम.

आता टाळू कोरडी. तीही गोष्ट चार-सहा दिवसांची नाही. गेला महिनाभर तो उभ्या उभ्या चहा घेत होता, जेवायला बसला की एका कुल्ल्यावर बसत होता, घटकेत दुसऱ्यावर. रात्री पालथा झोपायचा, तिच्याकडं पाठ नाही की तोंड नाही. गोपिकाला हे सगळं दिसत होतं. पण दिसलेल्याची तिनं जी भाजी शिजवली, ती वेगळीच.

सकाळी ती सातऱ्यावर गेली. सातरा म्हणजे व्यापाऱ्याचं मोठं मैदान, त्यात मिरचीचे लाल ढीग, आणि ढिगांच्या कडेनं ओळीत बसलेल्या बाया. मिरची उचलायची, देठ खुडायचा, मिरची इकडं, देठ तिकडं. तोंडाला ओढणी, तरी शिंका चालूच. यंदा माल कमी आला होता. जी जास्त वेळ बसेल तिच्या पदरात जास्त पडेल, म्हणून बाया हलत नव्हत्या. मालकानं मागच्या भिंतीशी संडास बांधून दिला होता खरा, पण त्याच्या दाराला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हतं. त्यावर बायांनी आपला इलाज काढला होता, घरून निघतानाच पाणी प्यायचं नाही, म्हणजे उठायचं काम नाही. लागलीच तर दाबून धरायची, संध्याकाळी घरी जाऊन पाहायचं.

गोपिका या कामात सगळ्यांच्या पुढं. एक गुडघा उभा, एक आडवा, आणि बसली की बसली. तिच्या शेजारी दामिनी. मागच्या गल्लीतली. नवरा कोराडीला वीज केंद्रात ठेकेदाराकडं, महिन्यातून एखाद्या वेळी घरी यायचा. घरात ती आणि सासू पार्वतीबाई, पोरगा मामाकडं शिकायला. दामिनी पाण्याची भली मोठी बाटली आणायची, पाणी प्यायची, आणि थोड्या थोड्या वेळानं उठून भिंतीमागं जाऊन यायची.

"दामिनीबाई फिराले निंघाल्या," यमुताई म्हणाली. यमुताई ओळीत सगळ्यात म्हातारी. खुडणं कमी आणि बोलणं जास्त, तरी तिचा ढीग कसा वाढायचा हे कोणाला कळलं नव्हतं. "आमच्या पायाले मुंग्या येऊन राह्यल्या अन् ही हवा खाते."

दामिनी हसली. परत येऊन बसताना तिनं आपल्या खालची गादी उचलली आणि गोपिकाकडं सरकवली. जुन्या लुगड्याच्या घड्या घालून शिवलेली, जांभळ्यावर पांढरे ठिपके.

"हे घे वं. खाली टाक. मघापासून तू सारखी हलून राह्यली."

"मले नाई लागत," गोपिका म्हणाली. "आमी पोत्यावर बसणाऱ्या बाया. गाद्या-गिरद्या तुमच्या घरी." आणि तिनं पायानं गादी परत ढकलली.

दामिनीनं गादी झटकून खाली घेतली.

दुपारी लहानूची पिकअप आली. खुडलेली पोती नागपूरला कळमन्याच्या बाजारात नेण्याचं काम त्याच्याकडं होतं. हमाल पोती चढवत होते. गोपिका त्याचा डबा द्यायला ड्रायव्हरच्या बाजूनं गेली, दार उघडलं, आणि सीटवर तिला दिसली ती गादी. जांभळ्यावर पांढरे ठिपके. त्याच लुगड्याची बहीण.

डबा तिनं त्या गादीवरच ठेवला. जरा जोरानंच ठेवला.

परत येऊन बसली तर यमुताईनं खालच्या आवाजात सुरुवात केली. "एक बोलू का? राग नको धरू. काल दिवे लागाच्या टाइमले तुह्या मालकाले पार्वतीबाईच्या घरातून निंघताना पाह्यलं म्या."

"म्हातारीले भेटाले गेले असतीन."

"असतीन. पण लुंगी वली होती गं बाई. खालून टपटप."

गोपिकाच्या हातातली मिरची देठाऐवजी मधूनच तुटली. बी उडून डोळ्यात गेलं. बरं झालं, डोळ्याला पाणी यायला कारण मिळालं.

त्या दिवशी तिनं ठरवलं. त्याची जीभ कोणी मिळमिळीत केली असेल, तर आपण ती परत आणायची. कोंबडा कापला. वाटणात भिवापुरी मिरची एरवीपेक्षा दुप्पट, वरून काळी मिरी, लवंग, आणि तेलाचा लाल तवंग असा की त्यात तोंड पाहून घ्यावं. लहानूला पाटावर बसवलं आणि समोर बसली.

"खा."

त्यानं रश्श्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावर काय होतं कोण जाणे, तो मुकाट्यानं जेवायला लागला. टाळूवर घाम आला. गोपिकाचा जीव जरा थंड झाला. तिनं आणखी एक पळी वाढली. त्यानं तीही संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो संडासात गेला तो येईचना. आतून एकदा घशात दाबलेला आवाज आला, रस्त्यात पाय मुरगळलेला बैल करतो तसा. बाहेर आला तेव्हा चेहरा चुन्यासारखा पांढरा, भिंत धरून चालत.

"काय झालं?"

"काई नाई."

गोपिकाला वाटलं, पाप बोचून राह्यलं.

संध्याकाळी ती सातऱ्यावरून नेहमीपेक्षा आधी उठली. घरी न जाता सरळ मागच्या गल्लीत गेली. पिकअप कोपऱ्यावर उभी होती, ओळखीच्या कुत्र्यासारखी. पार्वतीबाईच्या अंगणात खाटेवर म्हातारी एकटीच बसून चाचपडत वालाच्या शेंगा सोलत होती. डोळ्यांनी तिला आता सावल्याच दिसायच्या.

"कोन हाय?"

"मी गोपिका, मावशी."

"आली का? बस. तुहा नवरा बी बसला हाय."

"कुठं?"

"आत. टबात."

म्हातारीनं हे असं सांगितलं जसं कोणी सांगावं, बैल गोठ्यात आहे. गोपिका न्हाणीकडं गेली. टिनाचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं ते पायानं उघडलं.

वाटेत तिनं काय काय मनात पाहिलं होतं, त्यातलं तिथं काहीच नव्हतं. रुंद निळा प्लास्टिकचा टब. त्यात लहानू. अंगात शर्ट, शर्टाच्या खिशात मोबाइल, लुंगी कंबरेशी गोळा केलेली, गुडघे हनुवटीला टेकलेले, आणि पाण्यातून वाफ. एवढा धिप्पाड माणूस, पण कढईत मावत नसलेल्या वांग्यासारखा दिसत होता. दामिनीचा पत्ता नव्हता.

तो उठायला गेला, पाणी सांडलं, कळ आली, पुन्हा बसला.

"काय करून राह्यले तुमी?"

"बसलो हाव."

"थे दिसून राह्यलं."

"मूळव्याध झाली मले," लहानू टबातल्या पाण्याला म्हणाला. "रक्त पडते."

गोपिका दारात उभी राहिली. राग होता, पण ठेवायला जागाच मिळेना. तेवढ्यात फाटकाशी दामिनी आली, डोक्यावर गिरणीतून दळून आणलेला डबा. तो इथं आला की पाणी ठेवून ती बाहेर निघून जायची, कधी दळणाला, कधी दुकानात, कोणाला बोलायला तोंड नको म्हणून. गल्लीच्या मात्र ते लक्षात आलं नव्हतं.

"आली तू," दामिनी म्हणाली. "बरं झालं."

"बरं झालं?" गोपिका म्हणाली. ती घरी निघून आली.

लहानू मागोमाग आला, ओल्या लुंगीनंच. ती चुलीपुढं बसली, चूल न पेटवता.

"तिले सांगतलं. मले नाई."

"नाई सांगतलं मी तिले," लहानू म्हणाला. तो उभाच होता. "तिनं वळखलं. सातऱ्यावर पोते भरून राह्यलो होतो, मी गाडीतून उतरून उभाच चहा घेतला. जवळ आली अन् हळूच म्हणे, भाऊ, रक्त बी जाते का? मी काय बोलू? तिले बाळंतपणानंतर झालं होतं म्हणे. बसणाऱ्याची बसक तिले कळते."

त्याला वाटलं होतं या बोलण्यानं ती शांत होईल. पण सांगितलं असतं तर बरं, असं गोपिकाला वाटलं. सांगणं म्हणजे एखाद्या वेळी तोंडातून निघून जातं. हिनं तर पाहून ओळखलं. आपण त्याच्या कुशीत झोपलो, त्याची बसक रोज पाहिली, आणि आपल्याला त्यात बाई दिसली. हिला त्यात दुखणं दिसलं.

"अन् मले सांगाले काय झालं होतं?"

"तू म्हणशीन, माह्या हातचं खाऊन झालं. ठेचा कराचं सोडून देशीन." ओल्या लुंगीचं टोक पिळत तो म्हणाला, "अन् जागा बी अशी हाय बावा. कोनाले दाखवू, कोनाले सांगू."

"काल मी रस्सा वाढला तवा काहून नाई बोलले?"

"तू समोर बसली होती ना."

गोपिकाला हसू येत होतं आणि रडू येत होतं. दोन्हीपैकी कोणतंच तिनं येऊ दिलं नाही. भातात नुसतं दूध घालून त्याच्यापुढं सारलं.

दुसऱ्या दिवशी सातऱ्यावर ती दामिनीशी बोलली नाही. दोघींचे हात चालत होते. मग दामिनीच म्हणाली, ढिगाकडं पाहत, "रक्त हाय तर डॉक्टरले दाखवाच लागते. नुसतं टबात बसून भागत नाई. मी सांगून थकली. भाऊ तं बसस्टँडजवळच्या बोर्डवाल्या वैदूकडं जातो म्हणत होते, औषध लावून एका दिवसात झाडून देतो म्हणणारा. मी अडवलं. एका बाईची जागा जाळून टाकली त्यानं."

"तांब्याची अंगठी घाला म्हणा," यमुताई मध्येच म्हणाली. तिला आता सगळं माहीत होतं, कसं ते विचारण्यात अर्थ नव्हता. "माह्या दिराले गुण आला."

"तुह्या दिराले काय झालं होतं?" दामिनीनं विचारलं.

"सर्दी."

दामिनी हसली. गोपिका हसली नाही.

"माह्या बोलण्याचा काय उपेग," दामिनी म्हणाली. "मी कोन हाव? बायको तू हाय. तू नेलं तर येतीन."

हे वाक्य गोपिकाला आवडलं. आवडलं म्हणून तिला आपलाच रागही आला. संध्याकाळी तिनं लहानूला सांगितलं, उद्या नागपूर.

एवढा वेळ स्टिअरिंगवर बसणं नको म्हणून पिकअप घरीच ठेवली. बसमध्ये जागा होती, तरी लहानू दांडा धरून उभा. उमरेड गेलं, कंडक्टर म्हणाला, "बसा ना भाऊ, अर्धी गाडी खाली हाय." लहानू म्हणाला, "उभाच बरा हाव गा." गोपिका खिडकीशी बसली होती. खड्डा आला की दात आवळायची आणि सीटच्या कडेला हातानं अंग उचलून धरायची. लहानूचं लक्ष रस्त्याकडं होतं. ड्रायव्हर माणूस, दुसऱ्याच्या गाडीत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो.

डॉक्टर साठीकडचे, बोलण्यात घाई नसलेले. लहानूला पडद्यामागं नेलं. आतून त्यांचा आवाज येत होता, कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या, श्वास सोडा. लहानूचा आवाजच येत नव्हता. बाहेर आला तेव्हा तो नवरीसारखी मान खाली घालून आला.

"मूळव्याधच आहे," डॉक्टर म्हणाले. "नळी घालून पाहिलं, आत दुसरं काही दिसलं नाही. हे पाहून घेणं गरजेचं असतं. प्रत्येक रक्त मूळव्याधीचं नसतं, म्हणून घरच्या घरी ठरवायचं नाही. आपल्या गुदाशी रक्ताच्या शिरांची एक गादीच असते, सगळ्यांनाच असते. कुंथून कुंथून, तासन् तास बसून ती फुगते आणि खाली उतरते. एवढंच आहे हे. यात लाज कशाची?"

"मिरचीनं झालं ना पण?" लहानूनं विचारलं आणि चोरून गोपिकाकडं पाहिलं.

"मिरचीनं होत नाही. झालेल्याला झोंबते मात्र, तेव्हा बरं होईपर्यंत बंद. गाडी किती चालवता? पाणी पिता का?"

"रस्त्यात थांबा लागते म्हणून नाई पीत."

"आणि कळ आली की?"

"दाबतो. कळमन्याले पोचलो की पाहू म्हणतो."

"मग ती सुकून दगड होते, आणि तुम्ही संडासात अर्धा तास मोबाइल घेऊन कुंथत बसता." लहानूनं खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. "पाणी भरपूर प्या. पालेभाज्या, फळं. हा इसबगोल रात्री, एक मोठा ग्लास पाण्यासोबत. कळ आली की जायचं, नाही आली तर बसून राहायचं नाही. मलम देतो. शौचानंतर कोमट पाण्यात बसा. एवढ्यानं बहुतेकांचं थांबतं. नाही थांबलं तर आतल्या कोंबाला रबर बांधतो, तो सुकून गळून पडतो, कापाकापी नाही. पण परत यायचं आहे दाखवायला." मग ते लिहिता लिहिता म्हणाले, "घरात आणखी कोणाला आहे?"

"नाई," लहानू म्हणाला.

गोपिका टेबलावरच्या काचेकडं पाहत होती. काचेखाली देवाचं चित्र होतं.

"मले हाय," ती म्हणाली.

लहानूनं मान वळवली.

"मागच्या मिरचीच्या हंगामापासून," ती डॉक्टरांनाच सांगत राहिली. "आग व्हाची. वाटलं, सातऱ्यावरचा हात लागला असन, मिरचीचाच हात हाय. मंग रक्त दिसलं. वाटलं, उष्णता हाय. बसाचंच काम हाय आमचं, पाणी पेत नाई आमी."

डॉक्टरांनी नर्सबाईला हाक मारली.

तपासून झालं. दोघं बाहेर बाकाजवळ आले. बाकावर कोणीच बसलं नाही, दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. लहानू औषधाच्या पिशवीचा कागद कुस्करत होता.

"मले नाई सांगतलं," तो म्हणाला.

गोपिकानं पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"दामिनीले माहीत होतं?"

"मी सांगतलं नाई तिले. पण मले बी गादी देऊन राह्यली होती. मी लोटून देल्ली."

लहानूनं नाक ओढलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते गोपिकानं ताबडतोब ओळखलं. गेला महिनाभर आरशात तिनं तेच पाहिलं होतं.

"तिले सगळ्याइचंच दिसते," तो म्हणाला. "आपल्याले आपलं नाई दिसत."

परतताना त्यांनी बाजारातून टब घेतला. गोपिकानं निळा नको म्हटलं. हिरवा घेतला. बसमध्ये तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून लहानू डोक्यावर पालथा धरून उभा राहिला, आणि उमरेडपर्यंत लोक त्याला विचारत राहिले, भाऊ, कोनाचं लगन हाय?

रात्री इसबगोलचा लगदा दोघांनी एकमेकांकडं न पाहता गिळला. सकाळी गोपिकानं पेटी उघडून आपलं एक लुगडं काढलं, लिंबू रंगाचं, नखाएवढाही डाग नसलेलं. लहानू म्हणाला, "अवं, हे तर चांगलं हाय." ती म्हणाली, "म्हणूनच." त्याची गादी शिवून तिनं पिकअपच्या सीटवर घातली आणि जांभळी गादी धुऊन, वाळवून, घडी करून सातऱ्यावर दामिनीला नेऊन दिली.

"राहू द्याची होती," दामिनी म्हणाली.

"नाई. तुही तुह्यापाशी असू दे."

दामिनीनं गादी घेतली आणि आपली पाण्याची बाटली पुढं केली. गोपिका क्षणभर बाटलीकडं पाहत राहिली, मग वरून धरून अर्धी प्यायली. थोड्या वेळानं जे व्हायचं ते झालं. तिची चुळबुळ पाहून दामिनी उठली.

"चाल. कडी नाई तिथं. मी दार धरते."

दोघी भिंतीकडं निघाल्या. यमुताई म्हणाली, "झाली का दोघीइची फिराची वेळ?" आणि पुढच्या वेळी तीही मागोमाग उठली. तिसरीला दार धरायला चौथी लागली. मालक लांबून पाहत होता. गोपिका त्याला जाऊन म्हणाली, कडी लाव अन् पाण्याचा ड्रम ठेव, नाई तं आमी अशाच जोड्यानं जाऊ. ड्रम दुसऱ्या दिवशी आला. कडीला आठवडा लागला.

गादी परत केली त्याच संध्याकाळी तिनं घरी पाणी तापवलं. न्हाणीत हिरवा टब ठेवला, गरम ओतलं, थंड ओतलं, हात घालून ढवळलं, पाहिलं, ठीक वाटलं.

"या. बसा."

लहानू लुंगी सावरून आत गेला, बसला, आणि बसला तसाच उठला. अर्धं पाणी अंगणात आलं.

"मेलो वं! काय टाकलं याच्यात?"

गोपिकानं आपल्या हातांकडं पाहिलं. दिवसभर मिरची खुडलेले हात. साबणानं दोनदा धुतलेले, पण मिरची साबणाला कधी भीक घालत नाही. तिच्या बोटांना ते आता जाणवतही नव्हतं.

"तिचे बी हात मिरचीचेच होते ना?" तिनं दारातून विचारलं. "तिचं पाणी नाई झोंबलं तुमाले?"

लहानू भिंतीला धरून एका पायावर उभा होता. खोटं बोलावं का, असा विचार त्याच्या तोंडावर येऊन गेला.

"थे कोपरानं पाहे," तो म्हणाला. "कोपर बुडवे अन् निंघून जाये."

गोपिकानं टब उपडा केला, राखेनं घासला, पुन्हा पाणी तापायला ठेवलं. तापेपर्यंत दोघं न्हाणीच्या दोन बाजूंना उभे. पाणी ओतून तिनं पदर खोचला, बाही वर केली आणि कोपर बुडवलं. जितकं बुडवायला हवं होतं त्याहून जरा जास्तच खोल बुडवलं.

या वेळी लहानू बसला तो बसून राहिला. त्याच्या तोंडातून एक लांब श्वास सुटला. गोपिका दाराबाहेर, दाराला पाठ टेकून उभी. बाहेर निघून जायचं तिला काही कारण नव्हतं.

"कसं हाय?"

"बरं हाय."

"तिच्या घरच्यावाणी?"

आतून पाण्याचा आवाज आला. "तिथं तं मी जीव मुठीत धरून बसो. तू कवा येशीन म्हणून."

झालं त्याचं. तो बाहेर आला, लुंगी बदलली. गोपिकानं चुलीवरचं आपल्यासाठीच्या पाण्याचं भांडं उतरवायला हात पुढं केला तर त्यानं तो बाजूला सारला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसानं कधी चुलीवरून चहाचं भांडंसुद्धा उतरवलं नव्हतं. फडकं कुठं असतं ते त्याला सापडेना, शेवटी शर्टाच्या टोकानं धरलं. टब विसळला, गरम ओतलं, थंड ओतलं. मग तो टबापाशी वाकला, आपलं दणकट, तेलकट, स्टिअरिंगनं काळवंडलेलं कोपर पाण्यात घातलं आणि डोळे बारीक करून थांबला.

गोपिका दारात उभी राहून पाहत होती.

"आणखी थोडं थंड लागते," तो म्हणाला. लोटाभर ओतलं. पुन्हा कोपर बुडवलं.

"हां. आता ये."